निरोपाची छत्तीस पत्रं : एका मुख्याध्यापिकेच्या नोंदी

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित मराठी माध्यमिक शाळेत आहे. १९९१ च्या जूनमध्ये सहशिक्षिका म्हणून लागले, २०१६ पासून मुख्याध्यापिका. ३१ मे २०२५ ला सेवानिवृत्त होतेय. निघताना शाळेतल्या प्रत्येकाला हातानं एक पत्र लिहून द्यायचं ठरवलं. ते करताना काय चुकलं, किती वेळ गेला, कुठे पैसे वाया गेले हे लिहून ठेवतेय, कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत माझ्या ओळखीतले कितीतरी मुख्याध्यापक निवृत्त होणार आहेत आणि दोघांनी आत्ताच विचारलंय, "बाई, कसं केलंत?"

पेन्शनचा प्रस्ताव, सेवापुस्तकाची पडताळणी, भविष्य निर्वाह निधी, गटविमा या कामांची यादी कुणीही अनुभवी लिपिक देईल. ती सहा महिने आधीच सुरू करावी, एवढंच सांगते. इथे फक्त माणसांचा निरोप.

१८ जानेवारी, शनिवार

सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची गडबड ओसरली. आज कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसले आणि पहिली अडचण तिथेच दिसली. माझी जन्मतारीख १ जून. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची तीच आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, म्हणजे माझी ३१ मे. त्या दिवशी शाळेला सुट्टी. सगळे गावाला गेलेले. माणसं समोर असण्याचा शेवटचा दिवस १ मे, ध्वजवंदन आणि निकालाचा. माझ्या हिशोबातून एक अख्खा महिना गळाला. मेमध्ये निवृत्त होणाऱ्यांनी ही तारीख आधी धरावी.

पत्रंच का? चौतीस वर्षांत मी किती निरोप समारंभ पाहिले त्याची गणती नाही. जाणारा माणूस उठतो, सर्वांचे आभार मानतो, आवाज दाटतो, खाली बसतो. "सर्वांचे" या शब्दात शिपाईमामा कुठे असतात ते मला कधी कळलं नाही. मला एकेकाला सांगायचंय की तुमचं अमुक काम मी पाहिलं होतं.

पगार बिलावरून यादी काढली. मला सोडून ३१ नावं : शिक्षक २४, लिपिक २, प्रयोगशाळा सहायक १, शिपाई ४. रोज एक पत्र, फेब्रुवारीअखेर काम संपेल असा अंदाज बांधला. तो पार चुकला, पण ते पुढे येईल.

२ फेब्रुवारी, रविवार

नवी पेठेत जाऊन हातकागद आणला. कडा खडबडीत, दिसायला सुरेख. ६५० रुपये गेले. घरी येऊन शाईच्या पेनानं पहिली ओळ लिहिली आणि शाई फुटली. प्रत्येक अक्षराला मुळं फुटल्यासारखी दिसत होती. कागद उलटा करून पाहिला, निब बदलून पाहिली, काही उपयोग झाला नाही.

आमच्या मोठ्या लिपिकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "बाई, जनरल रजिस्टरला लावतो तो लेजर कागद घ्या. चाळीस वर्षांची शाई टिकलीय त्याच्यावर." १८० रुपयांत पुरून उरला. आधी एक कागद मागून त्यावर लिहून बघायला हवं होतं. हातकागद कलाशिक्षकांना दिला, मुलांच्या चित्रांना झाला.

९ फेब्रुवारी, रविवार

सहा पत्रं झाली म्हणून समाधानात होते. रात्री सलग वाचली. सहाही पत्रांत "प्रामाणिकपणे", चारांत "तन्मयतेने", तिघांना "आपले योगदान शाळा कधीही विसरणार नाही". नावं झाकली तर कुणाचं कुठलं हे मलाच सांगता आलं नसतं.

सहाही फाडली. साडेपाच तास गेले.

कारण शोधलं. मी आठवणीवर लिहीत होते, आणि आठवण घाईत असली की विशेषणंच देते. रोज दिसणाऱ्या माणसाचं नेमकं काम डोळ्यांपुढे आणायला काहीतरी हाताशी लागतं, वही, कागद, तारीख. उद्यापासून लिहायचं बंद, आधी शोधायचं.

१ मार्च, शनिवार

२१ फेब्रुवारीपासून दहावीची बोर्डाची परीक्षा. आमच्याकडे केंद्र असतं. बैठक व्यवस्था, पर्यवेक्षकांच्या नेमणुका, उत्तरपत्रिकांची पाकिटं. एक ओळ लिहिली नाही. १७ मार्चला शेवटचा पेपर, तोपर्यंत होणारही नाही. जानेवारीच्या अंदाजात मी ही परीक्षाच धरली नव्हती, चौतीस वर्षं ती दर साली घेऊनसुद्धा.

२२ मार्च, शनिवार

या आठवड्यात मोठं काम झालं. सकाळची शाळा सुरू झालीय, दुपारी साडेबारानंतर इमारत मोकळी होते. बाहेर ऊन रणरणतं, कार्यालयात पंखा, आणि समोर नऊ वर्षांच्या सूचना वह्या.

ज्यांना हे करायचंय त्यांना कळकळीनं सांगते, सूचना वही वाचा. आपण रोज चार ओळी लिहून फिरवतो, सगळे खाली सही करतात, आणि ती कपाटात जाते. पण तिच्यात माणसं असतात. इंग्रजीच्या बाईंची सही २०१७ मध्ये पूर्ण नावाची, ठसठशीत. २०१९ च्या पावसाळ्यात नुसती आद्याक्षरं, तीही घसटलेली. त्या वर्षी त्यांचे वडील अंथरुणाला खिळले होते, आणि त्या वर्षी त्यांची एकही रजा बिनअर्जाची नाही, एकही तास रिकामा नाही. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. मी फक्त सही आहे की नाही एवढंच बघत होते.

दुसरा खजिना पाठ निरीक्षणाच्या नोंदी. विज्ञानाच्या सरांच्या २०१७ च्या नोंदीत मी शेरा मारलाय, "फलकलेखनात सुधारणा हवी." २०२३ च्या नोंदीत मी फळ्यावरची आकृती माझ्या वहीत उतरवून घेतलीय, मानवी डोळ्याची, भागांची नावं एका रेषेत. मध्ये सहा वर्षं त्या माणसानं रोज शाळा सुटल्यावर फळा लिहून सराव केला होता. हे मला सफाईच्या मावशींनी सांगितलं, कारण तो फळा त्यांनाच पुसावा लागायचा. मी एक वाक्य लिहून मोकळी झाले होते.

इतिहासाच्या बाईंसाठी फारसं शोधावं लागलं नाही. दर वर्षी १२ जानेवारीच्या आधी सूचना वहीत त्यांचीच विनंती असते, परिपाठाला दहा मिनिटं जास्त हवीत. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. बाई स्वतः बोलत नाहीत. चार मुलं पुढे येतात, एकेकानं एकेका हुतात्म्याबद्दल घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आणलेलं सांगायचं. गेल्या वर्षी एका मुलीच्या पणजीनं १९३० च्या मार्शल लॉच्या, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी अंमलाच्या दिवसांत दारं कशी लावून घेतली जायची, हे आपल्या आईकडून ऐकलेलं सांगितलं होतं. पत्रात तेवढंच लिहिलं. एकही विशेषण लागलं नाही.

एक मोठी पोकळी सापडली. मार्च २०२० नंतरच्या करोनाकाळात सूचना वही कोरी आहे. सगळ्या सूचना मोबाइलवर गेल्या, आणि तो माझा फोन २०२२ मध्ये बिघडला, काहीच उरलं नाही. त्या काळात आमच्या शिक्षकांनी घरोघर फिरून सर्वेक्षणं केली, याच भागातल्या अरुंद बोळांतून. त्याची शाळेकडे एक ओळ नोंद नाही. मग मी दुसरी वाट धरली, ज्याच्याबद्दल लिहायचंय त्याला न विचारता त्याच्या शेजारी बसणाऱ्याला विचारायचं. "करोनात हिंदीच्या सरांचं काय आठवतं तुम्हाला?" लोक स्वतःबद्दल "काही नाही हो" म्हणतात, दुसऱ्याबद्दल भरभरून बोलतात. हिंदीच्या सरांनी विडी वळणाऱ्या आयांच्या घरी जाऊन, उंबऱ्याबाहेर बसून, सातवीच्या अकरा मुलांचे स्वाध्याय तपासले होते. पाच वर्षांनी मला हे कळलं.

२३ मार्च, रविवार

पत्राबरोबर सोलापूरची एखादी वस्तू द्यावी असं मनात आलं. चादर सगळ्यांच्या घरी असतेच, म्हणून टर्किशचा हातरुमाल, त्यात विणलेलं नाव. एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांचे माग आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी कारखान्यात नेऊन जेकार्ड दाखवलं. वर कार्डांची माळ फिरते, कार्डाला जिथे भोक तिथला ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलला जातो, आणि नक्षी उठते. म्हणाले, "बाई, एक नाव म्हणजे एक डिझाइन. एकतीस नावं म्हणजे एकतीस वेळा माग थांबवायचा, कार्डं बदलायची. एका डिझाइनचे शेकडो नग काढले तरच परवडतं." मग कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचा विचार झाला, नावांचं शुद्धलेखन, रंग, नमुना, आणखी आठवडा.

सोडून दिलं. नाव पत्रात आहे. वस्तूच्या नादात पत्रं मागे पडत होती.

५ एप्रिल, शनिवार

आज मी मनातून हलले, म्हणून सविस्तर लिहिते.

मधल्या सुट्टीत चव घ्यायला स्वयंपाकघरात गेले. पोषण आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चाखायचा आणि चव नोंदवहीत सही करायची, हा नियम आहे. मावशींनी नेहमीच्या स्टीलच्या वाटीत भात-आमटी दिली, शेजारी पाण्याचा पेला ठेवला. मग म्हणाल्या, "बाई, तुमी समद्यांना चिट्टी लिवायलाय म्हणं. चांगलंय की."

एवढंच. मागितलं काही नाही. पण माझ्या यादीत त्या नव्हत्या. स्वयंपाकाच्या तिघी आणि सफाईच्या मावशी मानधनावर आहेत, पगार बिलावर त्यांची नावं येत नाहीत, आणि मी यादी पगार बिलावरून काढली होती. ज्या सफाईच्या मावशींनी मला विज्ञानाच्या सरांचं पत्र लिहायला मजकूर दिला, त्यांनाच मी पत्र लिहिणार नव्हते.

कार्यालयात येऊन यादी नव्यानं केली. या वेळी कागदावरून नाही. सकाळी फाटक उघडल्यापासून शेवटचं कुलूप लागेपर्यंत शाळेत कोण कोण असतं, तसं डोळ्यांसमोर आणून. ३५ झाले. आणि छत्तिसावे, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले घंटेचे मामा. मी लागले तेव्हापासून त्यांच्या घंटेवर माझा दिवस चालला.

तुम्ही करणार असाल तर यादी फाटकापासून सुरू करा.

१२ एप्रिल, शनिवार

गणिताच्या सरांचं पत्र जमत नव्हतं. तीन मसुदे झाले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, दहावीच्या मुलांसाठी रविवारचे तास, कधी एक रुपया नाही घेतला. पण लिहिताना हात अडायचा. आमच्यात २०१८ पासून एक गाठ आहे. ऑगस्टमध्ये ते सलग तीन दिवस न कळवता आले नाहीत, मी मेमो दिला. खुलासा आला नाही, म्हणून त्या वर्षीच्या गोपनीय अहवालातही उल्लेख केला. त्यानंतर सर माझ्यासमोर खुर्चीवर कधी बसले नाहीत. सही हवी असली की दारातून आत येऊन उभ्या उभ्या घ्यायची आणि जायचं. सात वर्षं.

आज चार्ज, म्हणजे पदभार सोपवण्याच्या तयारीसाठी जुन्या फाइली लावताना, पोषण आहार तपासणीच्या २०१८ च्या फाइलमध्ये, दोन तक्त्यांच्या मध्ये एक घडी केलेला फुलस्केप निघाला. सरांचा खुलासा. पत्नीला रात्री अचानक सिव्हिलला दाखल केलं, तीन दिवस आयसीयूबाहेर होतो, फोन करायचं सुचलं नाही, क्षमस्व. सोबत केसपेपरची झेरॉक्स. आवक नोंदवही काढली. नोंद आहे, तारीख मेमोनंतर दुसऱ्याच दिवसाची. कागद आला होता, आवक झाला होता, आणि चुकीच्या फाइलला लागला होता. माझ्यापर्यंत पोचला नाही. पण मी तरी कुठे विचारलं? "सर, खुलासा का दिला नाहीत?" एवढं तोंडी विचारलं असतं तर तेव्हाच सगळं उलगडलं असतं. त्यांना वाटलं असणार, बाईंनी खुलासा वाचला आणि तरी अहवालात लिहिलं.

त्या दुपारी दुसरं काही केलं नाही. संध्याकाळी चौथं पत्र लिहिलं. काय सापडलं, कुठे सापडलं, चूक माझी, माफ करा. रविवारच्या तासांबद्दल एकच ओळ.

१९ एप्रिल, शनिवार

३६ पैकी ३४ झाली. वेळेचा खरा हिशोब, एका पत्राला सरासरी पन्नास मिनिटं, आणि त्याआधी शोधायला, विचारायला जवळपास तेवढीच. दिवसाला दोनच्या वर लिहू नयेत. तिसऱ्या पत्रात पुन्हा "प्रामाणिकपणे" येतं.

पर्यवेक्षक बाईंनी आज एक मोलाचा इशारा दिला. माझा बेत होता समारंभात नाव पुकारून पत्रं द्यायची. त्या म्हणाल्या, "बाई, स्टाफरूममध्ये सगळे शेजारी शेजारी बसून उघडणार. कुणाची दोन पानं, कुणाचं अर्धं. मनाला लागतं हो." मी चाळून पाहिलं, खरंच ज्यांच्याशी माझं जास्त बोलणं त्यांची पत्रं लांब झाली होती. मग सगळ्यांना एकच माप लावलं, एक कागद, पाठपोट. तीन पत्रं छाटली, पाच पुन्हा लिहिली. त्या पाचांसाठी परत शोधावं लागलं, आणि ज्यांच्याबद्दल मला सर्वांत कमी माहीत होतं त्या पाचांचीच पत्रं शेवटी सर्वांत चांगली उतरली.

आणि समारंभात द्यायची नाहीत, ज्याची जागा जिथे, तिथे जाऊन द्यायची.

२६ एप्रिल, शनिवार

काल परीक्षा संपली. आज पेपर तपासणी, सगळे शाळेत. साडेसातला सुरुवात केली.

प्रयोगशाळेत सहायक काचेच्या नळ्या धूत होते, त्यांनी हात पुसून पत्र घेतलं आणि खिशात ठेवलं. ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई वाचून काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्यापुढे एक जुनी देवघेव वही आणून ठेवली, १९९३ ची, तिच्यात माझ्या नावावर एक पुस्तक अजून बाकी होतं. घरी शोधून सोमवारी जमा करायचं.

स्वयंपाकघरातल्या मावशींना पत्र दिलं तेव्हा मात्र माझी चूक लक्षात आली. त्यांनी पाकीट दोन्ही हातांत धरलं, उलटसुलट केलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना वाचता येत नाही. घरात तेलुगू, मराठी बोलण्यापुरतं. नऊ वर्षं चव नोंदवहीखाली त्या अंगठा देतात हे मी रोज बघत होते, आणि शाईच्या पेनानं पाठपोट पत्र लिहून बसले होते.

तिथेच पाटावर बसून मी वाचून दाखवलं. पाचवीच्या वर्गशिक्षिका तेलुगू बोलतात, त्यांना बोलावलं, त्या वाक्यावाक्याला सांगत गेल्या. मी लिहिलं होतं ते असं, एका पावसाळ्यात डाळीला वास येत होता, मी चव घ्यायला येण्याआधीच तुम्ही ती ओतून दिलीत आणि पुन्हा चूल पेटवलीत. मुलं पाऊण तास खोळंबली. मी रागावले. तुम्ही म्हणालात, "लेकरं हायत, बाई." त्यानंतर मी चव घ्यायला आले ती फक्त नियम म्हणून, विश्वास तुमच्यावर होता.

मावशींनी तोंडाला पदर लावला. मग वर्गशिक्षिकेला म्हणाल्या, "मल्ली चदवंडी." पुन्हा वाचा. दुसऱ्यांदा वाचलं. पाकीट त्यांनी तिखटाच्या डब्यांच्या फळीवर, सर्वांत वर, कोरड्या जागी ठेवलं, घरी नातीकडून परत वाचून घ्यायला.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वेळ वेगळा राखा. तिघी आणि सफाईच्या मावशी मिळून माझे दोन तास गेले, आणि ते दोन तास मला मिळाले याचा आनंद आहे.

गणिताच्या सरांना शेवटी दिलं. त्यांनी दहावीच्या रिकाम्या वर्गात उभ्यानं वाचलं, घडी केली आणि मला परत दिलं. म्हणाले, "बाई, पत्र घरात राहील. मेमो फाइलीत राहणार. लिहायचंच असेल तर फाइलीवर लिहा."

त्यांचं बरोबर होतं.

२८ एप्रिल, सोमवार

मोठी चूक. आडनाव एकच असलेल्या दोन बाई आमच्याकडे आहेत. पाकिटावर मी आडनाव आणि "बाई" एवढंच लिहिलं होतं, आणि पत्रं अदलाबदल झाली. एका पत्रात मुलीच्या आजारपणातल्या दिवसांचा उल्लेख होता, तो भलत्या हाती गेला. दोघींनी समजून घेतलं, पण ज्यांची गोष्ट होती त्यांचा चेहरा उतरला, आणि ते मला भरून काढता येणार नाही. मी दोघींना वेगवेगळं भेटून माफी मागितली. पाकिटावर पूर्ण नाव लिहा, आणि डकवण्याआधी आतलं संबोधन ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

समारंभ. सगळ्यांना ३० तारीख सोयीची वाटत होती, पण त्या दिवशी बसव जयंती, आमचे पाच-सहा जण मिरवणुकीत असतात. म्हणून आज, आणि उन्हाच्या आत म्हणून सकाळी आठला. वर्गणी जास्त काढू नका अशी विनंती केली होती, ती बऱ्यापैकी ऐकली. शाल, नारळ, एक झाड. घंटेचे मामा नातवाबरोबर आले होते, त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मी चार मिनिटं बोलले. जे बोलायचं ते आधीच देऊन झालं होतं, त्यामुळे आवाज स्थिर राहिला.

नाश्त्याला कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. स्वयंपाकाच्या तिघींना आज वाढायचं नाही असं ठरलं होतं, शिक्षकांनी वाढलं.

खर्च एकदाच लिहून टाकते : वाया गेलेला हातकागद ६५०, लेजर कागद १८०, पाकिटं ११०, शाई ६०. एकूण १,००० रुपये.

५ मे, सोमवार

चावीचा जुडगा. ४१ चाव्या, त्यातल्या १२ कशाच्या ते मला माहीत नव्हतं. शिपाईमामांना घेऊन कुलूप-कुलूप फिरले. सात जुळल्या, पाच कुठेच लागल्या नाहीत, त्या वेगळ्या पाकिटात "न जुळलेल्या" असं लिहून ठेवल्या. प्रत्येक चावीला कापडी चिठ्ठी शिवली. नळाचं पाणी आमच्याकडे रोज येत नाही, कधी येतं, व्हॉल्व्ह कुठला आधी उघडायचा, मोटर किती वेळ चालवायची, हे मामांच्या डोक्यात होतं, ते वहीत उतरवलं. जड संग्रह नोंदवहीतल्या, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची मोजणी तीन दिवस चालली. त्याबद्दल विशेष काही नाही.

२९ मे, गुरुवार

यंदा मे महिन्यातच पावसानं झोडपलंय, कार्यालयाच्या खिडकीतून पाणी आत येत होतं. फाइली आधी उचलून टेबलावर घेतल्या.

गणिताच्या सरांच्या फाइलीच्या कामाला महिना लागला. जुना मेमो फाइलीतून काढून टाकावा, असं एकानं सुचवलं. ते करायचं नाही. दफ्तरातला कागद नाहीसा करायचा अधिकार मला नाही, आणि नाहीसा केला तर सरांचा खुलासाही खोटाच ठरेल. वर नवा कागद लावायचा. मेमो माझ्या सहीचा, तो मागेही माझ्याच सहीनं जायला हवा, आणि ३१ तारखेनंतर माझ्या सहीला काही अर्थ उरत नाही. संस्थेच्या सचिवांना लेखी टिपणी दिली, खुलासा मुदतीत आवक झाला होता, आवक क्रमांक व तारीख अशी, तो माझ्यापुढे आला नाही, मी चौकशी केली नाही, गैरहजेरीचं कारण योग्य होतं, मेमो मागे घेण्यास आणि गोपनीय अहवालातल्या शेऱ्यासोबत ही नोंद जोडण्यास मान्यता मिळावी. सचिव गावाला होते, दोन आठवडे तसेच गेले. काल मान्यता आली.

हे काम एप्रिलच्या आधी हाती घ्यायला हवं होतं. ज्यांना ज्यांना आपण मेमो दिलेत, त्यांच्या फाइली निवृत्तीच्या निदान सहा महिने आधी स्वतः उघडून वाचा.

३१ मे, शनिवार

चार्ज यादीवर दोघांच्या सह्या झाल्या. चाव्या मोजून दिल्या, ४१. न जुळलेल्या पाच सकट.

साडेचारला गणिताचे सर आले. सुट्टीत, पावसात, रेनकोट बाहेर व्हरांड्यात काढून. मी आदेश त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सावकाश वाचला, मग वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, जावक क्रमांक घालायचा राहिलाय."

राहिला होता. जावक नोंदवही नव्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेली होती, ती मागून आणली. क्रमांक घातला, आजची तारीख घातली, आदेशावर तोच क्रमांक लिहिला. एक प्रत वैयक्तिक फाइलीत लावली, मेमोच्या वर, खुलाशाच्या फुलस्केपसकट.

"एक प्रत घरी लागेल," सर म्हणाले. "मिसेसना दाखवायचीय."

दुसरी प्रत शिक्का मारून दिली. त्यांनी स्थळप्रतीवर, म्हणजे कार्यालयात राहणाऱ्या प्रतीवर "मिळाले" असं लिहिलं, पूर्ण नावानं सही केली, खाली तारीख आणि वेळ घातली, चार वाजून पन्नास मिनिटं.